गोगटे सरांचा पाचवा अंक

गोगटे सर शिंकले तरी मोजायचे. थापा मारत नाही. एकदा आमच्या कारखान्यात खडूची पूड त्यांच्या नाकात गेली आणि लागोपाठ आठ शिंका आल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक लाल झालंय, आणि हा माणूस अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर दाबून उभा. मी म्हटलं, सर, पाणी देऊ? तर म्हणाले, "थांबा अनंतराव, अजून चार राहिल्यात."

चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, अंगठा मोजायला मोकळा. झाले बारा. सरांचं सगळं जग त्या बारा पेरांवर चालायचं. कुणी काही बोललं की यांचा अंगठा सरकायला लागलाच. करंगळीच्या टोकाला नेमका पोचला तर चेहरा खुलायचा आणि "बारात बसलं" म्हणायचे. नाही बसलं तर समोरच्याला वाक्य दुरुस्त करून द्यायचे. रोज सकाळी रोह्याच्या एसटीत कंडक्टरला सांगायचे, "रोहा एक द्यावा, खिडकीची जागा." कंडक्टर बिचारा म्हणायचा, खिडकी मी कुठून आणू, मी तिकीट देतो फक्त. सर म्हणायचे, खिडकी नकोच आहे हो, ओळीला सहा अक्षरं कमी पडत होती.

माझं सांगायचं तर पेणला कारखाना म्हटलं की गणपतीचा, तसा आमचा एक छोटा कारखाना. मी आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा. शाळा चौथीत सुटली, कुंचला काही सुटला नाही. मागच्या बाजूला एक खोली होती, ती सरांना भाड्यानं दिली. एकटा जीव, बायको केली नाही, रोह्याच्या कॉलेजात रसायन शिकवायचे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बाकी सगळी पुस्तकं. आमच्या आणि त्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत. त्यांचा स्टोव्ह भडकला की आम्हाला कळायचं, आमचं भांडण पेटलं की त्यांना कळायचं. आमचं जास्त पेटायचं.

ते बारा कुठून आले, तर एका फ्रेंच नाटकातून. आपल्याकडे शिवशाही चालू होती तेव्हा तिकडे कुणीतरी लिहिलेलं. सगळं नाटक कवितेत, पाच अंक, आणि प्रत्येक ओळीला बारा ठोके. सहा झाले की दम घ्यायचा, मग पुढचे सहा. सर ते मराठीत आणत होते आणि दरवर्षी कॉलेजातल्या पोरांकडून करून घेत होते. दरवर्षी तेच. सतरा वर्षं.

आता रसायनवाल्याला फ्रेंच कसं आलं, हा प्रश्न मीही विचारला. म्हणाले, रोह्याजवळ धाटावला. नोकरीच्या सुरुवातीला ते तिथल्या एका कंपनीत होते. कंपनीनं फ्रान्सहून मशीन आणलं, त्याची माहितीपुस्तिका फ्रेंचमध्ये, आणि ती समजून घ्यायला यांना बसवलं. शिफ्ट संपली की डिक्शनरी घेऊन बसायचे. मशीन बसवायला आलेला फ्रेंच माणूस जाताना हे नाटकाचं पुस्तक मागे विसरून गेला. त्यामुळे सरांना व्हॉल्व्ह, प्रेशर, गळती, स्फोट यांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते तोंडपाठ होतं, प्रेमाला काय म्हणतात ते मात्र शोधावं लागलं. म्हणून की काय, त्यांच्या नाटकातला नायक नायिकेला पहिल्या अंकात सांगायचा की माझ्या काळजात दाब वाढला आहे.

अनंत चतुर्दशी झाली की आमचा कारखाना थोडे दिवस रिकामा असायचा. मग दर रविवारी तालीम आमच्याकडे. पेण, कासू, नागोठणे, इकडची सगळी पोरं गोळा व्हायची. नाटकातला मुख्य माणूस म्हणजे पॅरिसचा एक शेट. त्याला वाटतं की हे घर माझ्याच जिवावर चाललंय. घरातले त्याला पुसत नाहीत. मग प्रत्येक अंकात तो ओरडतो की मी घर सोडून जातो, आणि मोलकरीण त्याची खोड मोडते. दुसऱ्या रविवारी माझी बायको शेवंती पोह्याचे पापड घेऊन आली, दारात उभं राहून सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सर, ह्यांना कवा बघितलं त्या फ्रेंचवाल्यानं?"

पोरं हसून लोळली. मला राग आला. मी तापट माणूस. आजही आहे, पण आता कुणावर तापू? तेव्हा चिडलो की चपला घालायच्या आणि भोगावतीच्या काठावर जाऊन बसायचं. जाताना शेवंतीचं मागून एक ठरलेलं बोलणं यायचं. मी ते कधी उभं राहून ऐकलं नाही. रागावलेला माणूस मागे वळला तर त्याचा राग कसला?

सरांचा मात्र तिच्या बोलण्यावर भारी जीव. ती एकदा शेट झालेल्या पोरावर खेकसली, "आधी हात धुवा, मग बोला मोठं." सरांचा अंगठा थेट करंगळीच्या टोकाला. "वहिनी, पुन्हा बोला." ती पुन्हा बोलली. सरांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. मग हे रोजचंच झालं. मी जेवायला उशीर केला आणि ती म्हणाली, "भाकर निवली, जीभ तापलेली," की पत्र्यापलीकडून आवाज यायचा, "बारात बसलं." शेवंती पत्र्याला तोंड लावून सांगायची, "माझं बोलणं काय मोजून घेता सर, पायलीनं वाल देतेय का?" पण खूश असायची. तिचं बोलणं असं कुणी लिहून घेतलं नव्हतं, मी तर नाहीच.

पहिल्या वर्षी सरांनी रंगरंगोटी माझ्यावर टाकली. म्हणाले, फ्रेंच शेट लोक तोंडाला पांढरं फासायचे, केसांचे टोप घालायचे. मला काय, रंग तो रंग. खडूची पूड आणि डिंक कालवून तोंडं रंगवली. मूर्तीच्या कामातला नारळाचा काथ्या होता, त्याचे टोप केले. आणि डोळे काढले. मला आयुष्यभर एकच डोळा येत होता, गणपतीचा. तोच सगळ्यांना काढला.

रोह्याच्या कॉलेजात पडदा उघडला आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. पॅरिसचा एक लबाड वकील येतोय, त्याच्या तोंडावर शांत, कृपाळू डोळे. एका आजीनं त्याच्या दिशेनं फूल टाकलं. थोड्या वेळानं डिंक वाळला. पोरांना तोंड हलवता येईना, हसलं की गालाचा पोपडा पडायचा. सगळं विनोदी नाटक पोरांनी मयताला आल्यासारखं गंभीर तोंडानं केलं. नायक प्रेमाचं बोलता बोलता दोन्ही हातांनी डोकं खाजवत होता, काथ्या चावत होता त्याला. लोक हसून हसून बेजार. मी विंगेत तोंड लपवून बसलो. सर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "अनंतराव, पॅरिस इकडे असंच दिसतं. दरवर्षी तुम्हीच रंगवायचं."

पण नाटक पुरं झालं नाही. पहिल्या वर्षी नाही, आणि त्यानंतरही कधीच नाही. चौथ्या अंकाच्या शेवटी शेट खरोखरच ट्रंक उचलतो आणि दाराकडे निघतो. मोलकरीण कमरेवर हात ठेवून उभी. आणि नेमकी तेव्हाच पनवेलकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीची वेळ व्हायची. कासू-नागोठण्याची पोरं तोंडं न पुसता स्टेशनकडे पळायची. गाडीत बसलेल्या बायकांना वाटायचं, डब्यात चार-पाच गणपतीच चढले. लोक उठून घरी जायचे. शेट गेला की राहिला, रोह्यात कुणाला ठाऊक नाही.

कारण दरवर्षी सुरुवातीलाच उशीर. चारचा खेळ सहाला सुरू. कधी सरांना पडद्याची दोरी पसंत नाही. कधी एका ओळीत तेरावं अक्षर निघालं, ते काढेपर्यंत खेळ बंद. एका वर्षी ट्रंकच सापडेना. तासभर सगळं कॉलेज पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी मी भाड्याचं सांगायला खोलीत गेलो तर ट्रंक यांच्याच खाटेखाली. म्हणाले, अरेच्चा. मी म्हटलं, शिकलेली माणसं अशीच विसराळू असतात.

शेवंतीला शेवटाची भारी उत्सुकता. दरवर्षी ती नवं लुगडं नेसून यायची, आणि दरवर्षी परतीच्या वाटेवर विचारायची, "सर, शेट जातो का वो शेवटी?" सर म्हणायचे, शेवट सांगायचा नसतो वहिनी, बघायचा असतो. ती म्हणायची, मग सकाळी लावा की खेळ, गाडीची कटकट नाय. सर म्हणायचे, फ्रेंच नाटक उन्हात वितळतं.

"मी मेल्यावर दाखवणार हाय मेला," असं ती मला घरी येऊन म्हणायची.

गेल्या माघात ती गेली. सकाळी पापडाचं पीठ भिजवलं, छातीत दुखतंय म्हणाली, मी म्हटलं जरा पड. पडली ती उठलीच नाही. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

गोगटे सर स्मशानात आले. दूर उभे राहिले. त्यानंतर दिसले नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. सकाळी लवकर एसटीला जायचे, संध्याकाळी मागच्या वाटेनं खोलीत शिरायचे. पत्र्यापलीकडे स्टोव्हचा आवाज, आणि नुसती कागदांची सळसळ. सतरा वर्षं हिच्या हातचं खाल्लं, आणि तेराव्याच्या पानावर बसायला जड झालं! मी ठरवलं, हा माणूस समोर आला की भाडेपट्टा त्याच्या तोंडावर फेकायचा.

आला तो चैत्रातल्या एका रविवारी, भर दुपारी. हातात वही. दाढी वाढलेली. कारखान्यात रांगेनं मूर्ती उभ्या, अजून डोळे काढायचे होते. मी स्टुलावरून उठलो नाही. म्हटलं, वाट चुकलात काय?

सर एका पाटावर बसले. पहिल्यांदाच त्यांचा अंगठा हलत नव्हता.

"अनंतराव, गाडीमुळे नाही हो राहायचा शेवट," ते म्हणाले. "पाचवा अंक मी मराठीत लिहिलाच नव्हता."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं उलगडलं, पडद्याची दोरी, तेरावं अक्षर, खाटेखालची ट्रंक. मी म्हटलं, म्हणजे उशीर तुम्ही मुद्दाम करत होतात.

"हो."

"आणि तिला सतरा वर्षं फसवलंत."

"हो." मान खाली. मग हळूहळू बोलले. नाटक पुरं झालं तर पोरं पुढच्या वर्षी कशाला येतील, कॉलेज म्हणेल आता दुसरं काही करा, दुसरं करायला दुसरा माणूस येईल. मग रविवार कसा काढायचा? खोलीत खाट आणि स्टोव्ह. इथे आलं की आवाज असायचा, पापड असायचे, वहिनी रागवायच्या. अपुरं ठेवलं की पुढच्या वर्षाची सोय होते, इतकाच हिशेब होता म्हणाले. "वहिनी वाट बघतील, घाई काय, असं वाटायचं."

मला त्यांना दोन शब्द सुनवायचे होते. तोंडात तयार होते. पण मीही त्या सकाळी तिला म्हटलं होतं, जरा पड. घाई काय, असंच वाटलं होतं मलाही.

सरांनी वही पुढे केली. पाचवा अंक लिहून झाला होता, तेराव्याला न येता खोलीत तेच लिहीत बसले होते. यंदा ते रिटायर होणार, म्हणजे खेळ झाला तर याच वर्षी. पण आधी मी ऐकावा अशी इच्छा. शेटचं ते वाचणार, मोलकरणीचं मी. मी म्हटलं, मला बोट ठेवून वाचावं लागतं, एकेक अक्षर जुळवत. ते म्हणाले, तसंच वाचा, हे नाटक तसंच वाचायचं असतं.

मी बोट ठेवलं. आ-धी-हा-त-धु-वा. थांबलो. सरांकडे बघितलं. ते डोळे नसलेल्या गणपतीकडे बघत होते. पुढची ओळ वाचली, ती भाकरीची. त्याच्या पुढे वालाची. पानंच्या पानं. मोलकरणीच्या तोंडी दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं. मला चिडवलेलं, पोरांना दटावलेलं, कोळणीशी घासाघीस केलेली, सगळं त्या माणसानं पत्र्याला कान लावून टिपलं होतं आणि बारात बसवलं होतं. मी वाचत होतो माझ्याच घोगऱ्या आवाजात, पण बोलत ती होती.

शेवटी शेट ट्रंक घेऊन उंबऱ्यावर उभा राहतो. वळत नाही. आणि मागून मोलकरीण म्हणते,

जायचं तं जावा, दार लोटून घ्या,
कडी मी लावीन, तुम्ही आल्यावर.

हेच ते. चपला घालताना मागून यायचं ते. चाळीस वर्षं पाठीवर पडलं, आणि मी पहिल्यांदा पुरतं ऐकलं ते स्वतःच्या तोंडून, बोट ठेवून.

बऱ्याच वेळानं मी नाक शिंकरलं आणि विचारलं, फ्रेंचमध्ये असंच आहे का? सर म्हणाले, नाही, तिथे ती म्हणते की परमेश्वर तुमचं रक्षण करो. "पण आपल्याकडे असं कोण बोलतं?"

मग म्हटलं, खेळ कधी लावताय? तर चेहरा उतरला. म्हणाले, संपेल हो. मी सरळ सांगितलं, संपू दे, माझं संपलं, मी मेलो का?

खेळ लागला यंदाच्या दिवाळीनंतर, सर रिटायर व्हायच्या आठवड्यात, सकाळी अकराला. ट्रंक हरवली नाही, कारण मी पहाटेपासून तिच्यावर बसून होतो. तिथूनच तोंडं रंगवली. शेट, वकील, सगळ्यांना नेहमीचे डोळे काढले. मोलकरीण कासूची एक मुलगी होती, दर्शना नावाची. तिच्यासमोर कुंचला धरला आणि हात वेगळाच चालला. डाव्या डोळ्याची कड जरा खाली, भुवई एका बाजूनं चढलेली, पापड मोडला म्हणून खेकसायच्या आधी असायची तशी. पुरं झाल्यावर मी तिला म्हटलं, गो, आता कमरेवर हात ठेव बघू. सर आत डोकावले, बघितलं, आणि निघून गेले.

शेट वळला शेवटी. ट्रंक खाली ठेवली आणि वळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सतरा वर्षांच्या साठलेल्या. बाहेर लखलखीत ऊन होतं. कुणाला कसली गाडी गाठायची नव्हती. पोरं सावकाश तोंडं धूत बसली. मी सरांना शोधलं, तर ते पडद्यामागे घडी घातलेल्या सतरंज्यांवर बसलेले. दोन्ही हात रिकामे, मांडीवर उताणे.

मला वाटलं, आता हा माणूस खोली सोडून जाईल. पण पुढच्या रविवारी दुपारी कारखान्याचं दार वाजलं. सर. वही नाही, पोरं नाहीत, तालीम नाही. पाटावर बसले. मी आखणी करत होतो, करत राहिलो. शेजारणीनं दिलेले पापड भाजले. बरे होते. तिच्यासारखे नव्हते, ते दोघांनाही कळलं. दिवेलागणीला ते उठले, चप्पल घातली.

माझं लक्ष मूर्तीच्या डोळ्यात होतं. मान वर न करता म्हणालो, "दार लोटून घ्या."

पावलं थांबली. मी वर बघितलं. सर उंबऱ्यावर उभे होते, अंगठा मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर टेकवून. सहा झाले होते. पुढच्या सहांची वाट बघत होते.

मला काही ते बोलता आलं नाही. त्यांनी जरा वेळ थांबून अंगठा सोडला, आणि दार लोटून घेतलं. कडी मी लावली नाही.